चेंडू सुटला की सोडला?

स्तर 4 : वाचन आणि चर्चा

वाचण्याआधी

ही तीन वाक्यं मोठ्याने वाचा.

त्याने चेंडू सोडला.
त्याच्या हातून चेंडू सुटला.
त्याने चेंडू सुटू दिला.

तिन्ही वाक्यांत चेंडू शेवटी जमिनीवरच आहे. पण तीन वाक्यं ऐकून त्या खेळाडूवर येणारा राग सारखा नाही ना? पहिल्या वाक्यात त्याने काहीतरी केलं. दुसऱ्यात त्याच्याबाबतीत काहीतरी घडलं. तिसरं वाक्य जरा कडक आहे: त्याला थांबवता आलं असतं, पण त्याने थांबवलं नाही. पाठ वाचताना ही तीन क्रियापदं हाताशी ठेवा, लागणार आहेत.

वाचन

अमेरिकेत वाढलेल्या विद्यार्थ्यांना पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. लंडन, दुबई किंवा मॉरिशसहून वाचणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं असतं. तीन प्रयत्न फसले तर चौथ्या प्रयत्नात संघ बहुतेक वेळा चेंडू पायाने उंच, लांब मारून समोरच्या संघाला देऊन टाकतो. याला ‘पंट’ म्हणतात. गुण मिळाल्यावर किंवा अर्धा खेळ सुरू होताना जी लाथ मारतात ती ‘किक-ऑफ’. हे दोन्ही चेंडू झेलून पळत परत आणण्याचं काम ज्याचं, तो ‘रिटर्नर’.

हे काम बाहेरून सोपं दिसतं, पण जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. चेंडू 40-50 यार्डांवरून येतोय. हवेत चार-साडेचार सेकंद आहे. तुमची नजर आकाशात, आणि त्याच वेळी समोरून दहा धिप्पाड माणसं तुमच्याच दिशेने सुसाट धावत येतायत. ती दिसत नाहीत, कारण त्यांच्याकडे बघितलं तर चेंडू चुकतो. एवढ्या वेळात तीनपैकी एक निर्णय घ्यायचा. झेलून पळायचं, किंवा हात डोक्यावर हलवून ‘फेअर कॅच’ मागायचा (म्हणजे कोणी अंगावर येणार नाही, पण पळताही येणार नाही), किंवा चेंडू सोडून द्यायचा. पंट सोडून द्यायचा असेल तर मात्र त्याच्यापासून लांब पळावं लागतं. कारण चेंडू तुमच्या अंगाला नुसता चाटून गेला, तरी तो ‘जिवंत’ होतो आणि मग समोरचा संघही तो उचलून आपला करू शकतो. म्हणून काही संघांचे रिटर्नर अशा वेळी ‘पॉयझन’ किंवा ‘पीटर’ असं ओरडतात. अर्थ एकच : लांब व्हा, शिवू नका!

आता प्रत्यक्ष गोष्ट.

22 जानेवारी 2012, रविवार. सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. फोर्टी-नाइनर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यात सामना होता, आणि जिंकणारा संघ थेट सुपर बोलला जाणार होता. पाऊस पडत होता. मैदान ओलं, चेंडू निसरडा. नाइनर्सचा नेहमीचा रिटर्नर टेड गिन गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर बसला होता. त्याच्या जागी पंट झेलायला उभा होता काइल विल्यम्स. वय 23, संघात दुसरंच वर्ष.

चौथ्या क्वार्टरमध्ये नाइनर्स 14-10 असे पुढे होते. जायंट्सने पंट मारला. चेंडू विल्यम्सच्या पुढ्यात पडून उसळ्या घेऊ लागला. हा चेंडू लांबट आणि दोन्हीकडे टोकदार असतो. तो कुठे उडेल ते सांगणं कठीण. विल्यम्स त्याच्या जवळ गेला, मग झेलायचा नाही असं त्याने ठरवलं, पण तो पुरेसा लांब झाला नाही. चेंडू त्याच्या गुडघ्याला निसटता लागला. इतका निसटता, की पंचांनी आधी चेंडू नाइनर्सचाच म्हणून दिला. जायंट्सचे प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी आव्हान दिलं, चित्रफीत पुन्हा पाहिली गेली आणि निर्णय फिरला. चेंडू जायंट्सच्या डेव्हिन थॉमसने उचललेला होता. थोड्याच वेळात ईलाय मॅनिंगने 17 यार्डांचा पास मारिओ मॅनिंगहॅमला दिला. टचडाउन! जायंट्स 17, नाइनर्स 14.

पुढच्याच किक-ऑफला चेंडू घेऊन तोच विल्यम्स लांबवर पळाला, आणि त्या धावेमुळे मिळालेल्या चांगल्या जागेवरून नाइनर्सने फील्ड गोल मारून 17-17 अशी बरोबरी साधली. ही धाव फारशी कुणाला आठवत नाही. चांगलं काम लगेच विसरायचं आणि चूक मात्र वर्षानुवर्षं सांगायची, ही सवय तशी सगळ्यांचीच.

सामना ओव्हरटाइममध्ये गेला. दोन्ही संघ अडले होते. जायंट्सने पुन्हा पंट मारला. या वेळी विल्यम्सने चेंडू व्यवस्थित झेलला आणि तो पळाला. बाजूने जायंट्सचा एक खेळाडू आला (योगायोगाने त्याचंही आडनाव विल्यम्सच), त्याने चेंडूवर हात मारला, चेंडू बाहेर आला आणि परत त्या डेव्हिन थॉमसनेच तो पकडला. काही खेळींनंतर लॉरेन्स टाइन्सने 31 यार्डांवरून फील्ड गोल मारला. जायंट्स 20, नाइनर्स 17. खेळ खलास.

त्या रात्री आणि नंतरचे काही दिवस विल्यम्सच्या नावाने जे सुरू झालं, त्याला टीका म्हणायचं का, हाच आपला प्रश्न आहे. ट्विटरवर त्याला शिव्या आल्या आणि जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. त्याला, आणि त्याच्या घरच्यांनाही.

आधी चाहत्यांची बाजू नीट मांडू. ती मांडली नाही तर आपण नुसते शहाणपणा शिकवणारे ठरू. नाइनर्सचा शेवटचा सुपर बोल विजय 1994 च्या मोसमातला. 2003 ते 2010 अशी सलग आठ वर्षं संघ प्लेऑफमध्येसुद्धा नव्हता. त्यानंतर हे स्वप्नासारखं वर्ष आलं होतं : 16 पैकी 13 सामने जिंकलेले. आणि हा संघ कशासाठी नावाजलेला होता? चेंडू न गमावण्यासाठी! मोसमातल्या 16 सामन्यांत मिळून त्यांनी चेंडू फक्त 10 वेळा गमावला होता. आणि सगळ्यात मोठ्या दिवशी एकाच खेळाडूकडून दोनदा गेला. पैसे मोजून, पावसात भिजत बसलेल्या माणसाला राग येणारच. शिवाय विल्यम्स काही शाळेच्या संघातला मुलगा नव्हता. तो व्यावसायिक खेळाडू होता आणि रिटर्नरचं पहिलं काम धावणं नसतंच, चेंडू सांभाळणं असतं. त्या कामात तो कमी पडला, असं म्हणण्यात वाईट काहीच नाही.

पण ‘कमी पडला’ म्हणजे नेमकं काय केलं? इथे आपली तीन क्रियापदं बाहेर काढा.

गुडघ्याला लागलेला पहिला चेंडू घ्या. ‘त्याच्या गुडघ्याला चेंडू लागला’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण माझ्या मते ते जरा जास्तच दयाळू आहे. तो झेलणार नव्हता, तर त्याला तिथून निघून जायला हवं होतं. निर्णय अर्धवट राहिला. म्हणून ‘त्याने चेंडू गुडघ्याला लागू दिला’ असं मी म्हणेन. ही टीका आहे, आणि ती त्याला लागू पडते.

दुसरा चेंडू वेगळा. ओव्हरटाइममध्ये तो चेंडू घेऊन पळाला, आणि तेच त्याचं काम होतं. ‘त्याने चेंडू टाकला’ असं पुष्कळ लोक म्हणाले. टाकला? कचरा टाकतात, पत्र टाकतात. हा चेंडू कुणी टाकला नाही. फार तर ‘त्याच्या हातून निसटला’ म्हणा. त्याहून खरं वाक्य असं : ‘जायंट्सच्या खेळाडूने तो हिसकावला.’ बघा, वाक्याचा कर्ताच बदलला! समोरच्या संघानेही काहीतरी चांगलं केलं, हे हरलेल्या संघाच्या चाहत्यांना कबूल करणं जड जातं. चेंडू छातीशी आणखी घट्ट धरायला हवा होता, हे खरंच. ओल्या चेंडूला तर दुप्पट जपावं. तरीही या दोन चुकांचं वजन एक नाही, आणि दोन्हींना एकच क्रियापद लावणाऱ्याने सामना नीट पाहिलेला नाही, असं मला वाटतं.

आता एक वाक्प्रचार शिकू : ‘खापर फोडणे’. खापर म्हणजे मातीच्या भांड्याचा तुकडा. एखाद्याच्या डोक्यावर खापर फोडणे म्हणजे सगळा दोष त्या एकट्यावर टाकणे. त्या दिवशी विल्यम्सच्या डोक्यावर खापर फोडलं गेलं. पण आकडे काय सांगतात? नाइनर्सला तिसऱ्या प्रयत्नात, म्हणजे ‘थर्ड डाउन’ला, 13 पैकी फक्त एकदा यश आलं. तेरात एक! त्यांच्या सगळ्या वाइड रिसीव्हरांनी मिळून एकच पास झेलला, तोही 3 यार्डांचा. (विल्यम्स स्वतःही त्या रिसीव्हरांपैकीच एक होता, हेही सांगायला हवं.) टाइट एंड व्हर्नन डेव्हिसने दोन टचडाउन केले नसते, तर सामना ओव्हरटाइमपर्यंत पोचलाच नसता. आणि मॅनिंगहॅमचा तो टचडाउन आठवा. तेव्हा जायंट्सला थर्ड डाउनला 15 यार्ड हवे होते, म्हणजे बचाव करणाऱ्यांना चूक भरून काढायची चांगली संधी होती.

पंचांचीही एक शिट्टी होती. चौथ्या क्वार्टरच्या अखेरीस जायंट्सच्या अहमद ब्रॅडशॉच्या हातून चेंडू सुटल्यासारखा दिसला आणि नाइनर्सने तो पकडलाही. पण त्याची पुढची चाल आधीच थांबली होती असं पंचांनी ठरवलं. चेंडू जायंट्सकडेच राहिला. ती शिट्टी एक क्षण उशिरा वाजली असती, तर कदाचित ब्रॅडशॉवर पाठ लिहावा लागला असता.

रिटर्नरची पंचाईत ही आहे की तो एकटा दिसतो. एखाद्या धावपटूला वाट मिळाली नाही तर बोट कोणाकडे दाखवायचं ते आपल्याला कळत नाही, कारण समोर गर्दी असते. रिटर्नरच्या आजूबाजूला मात्र मोकळं मैदान असतं, कॅमेरा त्याच्यावरच असतो. आणि जो दिसतो त्याला पकडणं सोपं.

इथे आणखी एक रिटर्नर आठवतो, जकोबी जोन्स. विल्यम्सच्या सामन्याच्या बरोबर एक आठवडा आधी, 15 जानेवारी 2012 ला, तो ह्यूस्टन टेक्सन्सकडून बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध प्लेऑफमध्ये खेळत होता. पहिल्याच क्वार्टरमध्ये उसळणारा पंट उचलायला तो गेला, चेंडू निसटला, रेव्हन्सला तो ह्यूस्टनच्या गोलरेषेजवळ मिळाला आणि लगेच टचडाउन झाला. ह्यूस्टन 20-13 असं हरलं. मे महिन्यात टेक्सन्सने जोन्सला संघातून काढलं. आणि त्याला घेतलं कोणी? रेव्हन्सने! ज्यांना त्याच्या चुकीचा फायदा झाला, त्यांनीच.

3 फेब्रुवारी 2013 ला न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोल झाला. एका बाजूला रेव्हन्स, दुसऱ्या बाजूला, होय, फोर्टी-नाइनर्स. दुसऱ्या अर्ध्याच्या पहिल्याच किक-ऑफला जोन्सने चेंडू आपल्या एंड झोनच्या आत, खूप मागे झेलला. अशा वेळी शहाणा रिटर्नर गुडघा टेकतो आणि संघाला त्या काळच्या नियमाने 20 यार्डांवरून खेळ सुरू करता येतो. जोन्सने गुडघा टेकला नाही. तो पळत सुटला तो थेट पलीकडे. 108 यार्ड! रेव्हन्स 34-31 असे जिंकले.

आता मला सांगा, तो निर्णय चांगला होता की वाईट? धोका मोठा होता. 10 यार्डांवर कोणी त्याला पाडलं असतं, तर ‘उगाच शहाणपणा केला’ असं घराघरांतून ऐकू आलं असतं. तो पोचला, म्हणून ‘धाडस’ म्हणायचं. चाहते म्हणून आपण बहुतेक वेळा फळ बघतो आणि मग त्यावरून झाडाला नाव देतो. टीका करायची तर खेळाडूने त्या चार सेकंदांत काय निवडलं, त्यावर करावी. निकाल त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. या कसोटीवर विल्यम्सचा पहिला चेंडू टीकेला पात्र ठरतो, दुसरा थोडासाच. आणि धमकी तर कुठल्याच चेंडूला लागू होत नाही. कारण धमकी खेळाबद्दल बोलतच नाही. ‘चेंडूपासून लांब व्हायला हवं होतंस’ हे ऐकून खेळाडू काहीतरी शिकेल. ‘तुला सोडणार नाही’ यातून काय शिकणार?

तुमच्या घरी आजी-आजोबांना अमेरिकन फुटबॉल समजावणं कठीण जात असेल, तर त्यांना 4 सप्टेंबर 2022 ची आठवण करून द्या. दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना होता. अर्शदीप सिंगच्या हातून असिफ अलीचा सोपा झेल सुटला आणि पाकिस्तान जिंकलं. इंटरनेटवर त्याच्याही वाट्याला तेच आलं, आणि तेव्हा विराट कोहलीने त्याची बाजू घेतली. शेवटचं षटक त्याच अर्शदीपने टाकलं होतं, फक्त 7 धावा हातात असताना, आणि त्या षटकात त्याने असिफ अलीला बादही केलं. मराठी समालोचनात ‘झेल सुटला’ आणि ‘झेल सोडला’ ही दोन्ही वाक्यं ऐकू येतात. समालोचक कधी कुठलं वापरतो, ते पुढच्या सामन्यात कान देऊन ऐका. आवडत्या खेळाडूचा झेल बहुधा ‘सुटतो’ आणि नावडत्याने तो ‘सोडलेला’ असतो!

विल्यम्स त्या पराभवानंतर लपून बसला नाही. पत्रकारांसमोर उभा राहून त्याने प्रश्नांना उत्तरं दिली आणि जबाबदारी घेतली. सहकारी खेळाडूही त्याच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्या मोसमातही तो नाइनर्सकडून खेळला, पण नोव्हेंबर 2012 मध्ये गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि त्याचं ते वर्ष तिथेच संपलं. जोन्स 108 यार्ड धावला तेव्हा त्याला थांबवायला विल्यम्स मैदानात नव्हता.

शब्द आणि वाक्प्रचार

टीका : एखाद्या कामातला दोष कारण देऊन दाखवणे.
शिवीगाळ : रागाने वाईट शब्द बोलणे. यात कारण द्यावं लागत नाही.
धमकी : ‘तुझं वाईट करीन’ असं सांगून भीती घालणे.
निसटता : जेमतेम, अगदी थोडासा. ‘निसटता विजय’ असंही म्हणतात.
पंचाईत : अडचण. ‘माझी मोठी पंचाईत झाली.’
पात्र ठरणे : एखाद्या गोष्टीला योग्य असणे. बक्षिसाला पात्र, तसंच टीकेलाही पात्र.
बाजू घेणे : एखाद्याच्या वतीने बोलणे.
हिसकावणे : दुसऱ्याच्या हातातून जोर लावून घेणे.

विचार करा, बोला, लिहा

1. ‘मी कप फोडला’, ‘माझ्या हातून कप फुटला’, ‘मी कप फुटू दिला’. आई समोर उभी आहे. तुम्ही यातलं कुठलं वाक्य म्हणाल? खरं वाक्य कुठलं असेल? दोन्ही उत्तरं एकच आहेत का?

2. लेखकाच्या मते विल्यम्सची पहिली चूक दुसरीपेक्षा मोठी. तुम्हाला हे पटतं का? ओव्हरटाइममधली चूक जास्त महाग पडली, असंही कोणी म्हणेल. त्या व्यक्तीच्या बाजूने चार वाक्यं लिहा.

3. नाइनर्सच्या प्रशिक्षकांवर टीका व्हायला हवी होती का? पाऊस, जखमी टेड गिन आणि 13 पैकी 1 हा आकडा, या तिन्हींचा उत्तरात उपयोग करा.

4. जोडीने बोला. एक जण चिडलेला चाहता, दुसरा त्याचा मामा. चाहत्याने मामांना ‘तुम्ही’ म्हणायचं, मामांनी भाच्याला किंवा भाचीला ‘तू’. चाहत्याला राग व्यक्त करायची पूर्ण मुभा आहे, पण प्रत्येक वाक्यात कारण हवं.

5. तुमच्या आवडत्या संघाने गमावलेला एखादा सामना निवडा. ज्या खेळाडूवर खापर फोडलं गेलं, त्याच्याबद्दल आठ-दहा ओळी लिहा. ‘त्याने’ किंवा ‘तिने’ने सुरू होणारी निदान तीन वाक्यं आणि ‘हातून’ वापरलेली निदान दोन हवीत. पुढच्या तासाला वाचून दाखवायचं आहे.